गळती थांबली, पण कुत्री रात्रभर झोपेना: गोळीचा त्रास कसा तपासायचा

मला येणाऱ्या फोनमधलं वाक्य आता पाठ झालंय. "दादा, गोळी चालू केल्यापासून चादर कोरडी राहूलीय, पण आता ही रातभर घरात फिरूलीय बघा." बेळगावच्या बाहेर, खानापूर रस्त्याला, गावाला जाणाऱ्यांची कुत्री मी माझ्याकडे ठेवून घेतो. त्यातल्या पिशवी काढलेल्या, आठ-दहा वर्षांच्या कुत्र्या डब्यात गोळ्या घेऊनच येतात. झोपेत लघवी गळते, म्हणून गोळी. आणि गोळीने काहीतरी दुसरंच सुरू होतं, म्हणून मला फोन. मी डॉक्टर नाही. गोळी सुरू करायची की बदलायची, हे डॉक्टरच सांगणार. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी काय बघायचं, ते मला सवयीने कळायला लागलंय. तेच इथे लिहितो.

काय काय दिसतं

गळतीवर आमच्या भागात साधारण दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या जातात. एक फिनाइलप्रोपॅनोलामाइन, म्हणजे पीपीए. दुसरी एस्ट्रिऑल, म्हणजे स्त्री-हार्मोनची. दोघींचा त्रास वेगळा दिसतो, त्यामुळे आपल्या हातात कुठली पट्टी आहे हे आधी वाचा.

पीपीएवर कुत्री अस्वस्थ होते. एका जागी बसत नाही, गारठ्यातही जीभ बाहेर काढून धापा टाकते, जेवणाला तोंड लावत नाही, कधी ओकते. छातीवर हात ठेवला तर काळीज धडधडताना लागतं. एरवी गरीब असलेली कुत्री गुरगुरायला लागते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, पाठीवरचे केस उभे राहतात.

एस्ट्रिऑलवर योनी सुजते, ती सारखी चाटत राहते, स्तन भरल्यासारखे दिसतात. भूक कमी होते, तहान वाढते, उलटी होऊ शकते. आणि गल्लीतले कुत्रे फाटकाबाहेर येऊन बसतात. त्याबद्दल पुढे.

असं का होतं, ते दोन वाक्यांत. मूत्राशयाच्या तोंडाशी जो स्नायू आवळलेला असतो, तो पिशवी आणि अंडाशय काढल्यावर हार्मोन कमी पडल्याने काही कुत्र्यांत सैल पडतो, मोठ्या अंगाच्या जातींत जास्त. नळाचा वायसर झिजावा तसं. पीपीए तो वायसर आवळते, पण अंगातल्या रक्तवाहिन्यांनाही ती आवळते. रक्तदाब चढतो, अंग सारखं चेतवलेलं राहतं, आणि वर सांगितलेली पीपीएची लक्षणं त्यातूनच येतात.

सगळ्यात आधी: पट्टी, डबी आणि वजन

पैसे लागत नाहीत, पाच मिनिटांत होतं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच सापडतो.

निपाणीकडची एक राणी माझ्याकडे आली होती, गावठी, बारा किलोची. आजोबा म्हणाले, "एकच गोळी देतोय सकाळ-संध्याकाळ, कधी चुकलो नाही." डिसेंबरची रात्र होती, मी स्वेटर घालून बसलो होतो. राणी कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी, पाठीवरचे केस ब्रशसारखे ताठ, आणि जीभ बाहेर. मी डबी उजेडात धरून वाचली. जुनी डबी 25 मिलिग्रॅमची होती. मुलाने परदेशातून आणलेली नवी डबी 50 ची. आजोबांच्या हिशोबाने गोळी एकच होती. डॉक्टर साधारण किलोला 1 ते 2 मिलिग्रॅमच्या हिशोबात एक वेळचा डोस धरतात. बारा किलोला 50 म्हणजे किलोमागे चारच्या वर. त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पुढचे डोस थांबवून सकाळी आणायला सांगितलं. राणी दोन दिवसांत ताळ्यावर आली आणि पुढे अर्ध्या गोळीवर छान राहिली.

म्हणून पट्टीवरचा मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी ताडून बघा. चिठ्ठी कोल्हापूरची, मेडिकल बेळगावचं आणि गोळी पुण्याहून कुरिअरने आलेली, असा प्रकार आपल्याकडे रोजचा. तीन हातांतून जाताना आकडा बदलतो. चोवीस तास पुरणारी लांब पल्ल्याची गोळी असेल तर ती तोडायची नसते, कारण तोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

वजन ताजं हवं. दोन वर्षांपूर्वीचं चिठ्ठीवरचं वजन म्हाताऱ्या कुत्रीला लागू पडत नाही. म्हातारपणी बऱ्याच उतरतात. लहान असेल तर कुत्रीला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. मोठी असेल तर ओळखीच्या धान्याच्या दुकानातला काटा. मी हेच करतो. दुकानदार हसतो, पण वजन बरोबर मिळतं.

डबीतल्या गोळ्या मोजा. परदेशी चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव असते आणि कुत्री डबीसकट फोडून खाते. स्टीलच्या डब्यात, उंच फळीवर ठेवा. एक डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. राहिला तो राहिला.

दुसरं: वहीत वेळ लिहा

तीन दिवस पुरतात. गोळी किती वाजता दिली आणि अस्वस्थपणा किती वाजता सुरू झाला, एवढंच. साधी पीपीए काही तासांत चढते आणि काही तासांत उतरते, म्हणून तर ती दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागते. गोळीनंतर तास-दोन तासांत फिरणं सुरू होऊन पुढच्या गोळीआधी कुत्री शांत होत असेल, तर संशय गोळीवरच घ्या. दिवसभर सारखीच अस्वस्थ असेल, किंवा गोळीच्या आधीपासूनच तशी असेल, तर कंबर दुखतेय का, कानात काही झालंय का, म्हातारपणी रात्र-दिवसाचं भान सुटतंय का, हेही बघावं लागतं. आपण गोळीला दोष देत बसतो आणि दुखणं तसंच राहतं.

ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की काम सोपं होतं. माझ्या अनुभवात अर्ध्या कुत्र्यांचं एवढ्यावर भागलं: डॉक्टरांनी रात्रीची गोळी थोडी आधी द्यायला सांगितली किंवा डोस उतरवला. उलटी होत असेल तर रिकाम्या पोटी देताय का ते सांगा.

तिसरं: घरातली बाकीची औषधं

हे लोक लपवतात असं नाही, त्यांना ते औषध वाटतच नाही.

गोचीड. आमच्याकडे गोठा आणि अंगण एकच, त्यामुळे म्हशीसाठी आणलेलं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून कुत्र्यालाही लावतात. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अमिट्राझ असतं. पीपीएबरोबर अमिट्राझ चालत नाही. दोन्हींमुळे रक्तदाब एकदम चढू शकतो. गळ्यात बांधायच्या काही गोचिडाच्या पट्ट्यांतही तेच असतं. बाटलीवर, पट्ट्यावर बारीक अक्षरात नाव लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. वाचता येत नसेल तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

सर्दीची गोळी. मागे एका मेडिकलवाल्याने "पीपीए येत नाही, त्याच जातीची ही घ्या" म्हणून माणसांची सर्दीची पट्टी हातात ठेवली होती. नशीब, बाईंनी आधी मला विचारलं. पीपीए एके काळी माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत असायचीच. मेंदूत रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे 2000 साली अमेरिकेत ती बाजारातून काढून घ्यायला सांगितलं, आणि भारतात 2011 मध्ये माणसांच्या वापरासाठी तिच्यावर बंदीची अधिसूचना निघाली. आज सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, कॅफीन, फिनाइलेफ्रिन असं काय काय एकत्र असतं. काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि ते लहान कुत्र्याला दोन-तीन गोळ्यांतही जीवघेणं ठरू शकतं. "त्याच जातीची" म्हणून काहीही घेऊ नका.

खाजेचं इंजेक्शन. हे माझं आवडतं शोधकाम. पावसाळ्यात कुत्री खाजवायला लागली की कुणीतरी एक सुई मारतो आणि तीन दिवसांत खाज गायब. ती सुई बहुधा स्टिरॉइडची. स्टिरॉइडने तहान वाढते, मूत्र वाढतं, आणि चांगली कोरडी झालेली कुत्री पुन्हा गळायला लागते. मालक म्हणतो गोळी निकामी झाली आणि आपल्या मनाने डोस वाढवतो. मग धापा सुरू. म्हणजे मूळ भानगड खाजेची आणि निस्तरायची गळतीच्या गोळीने. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात. वरून दुखण्याची, झोपेची, फिट्सची कुठलीही गोळी चालू असेल तर तीही यादीत लिहा.

चौथं: पाणी मोजा

पहिल्यांदा मी एका कुत्रीला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिला हातही न लावता विचारलं, "नीर एष्ट कुडीतद री?" पाणी किती पिते? मला सांगता येईना. मी म्हणालो, "पिते की." ते हसले आणि म्हणाले, मोजून या.

मोजायचं असं: सकाळी सातला एक लिटरची बाटली भरून भांड्यात ओता, लागेल तशी पुढची भरा, आणि दुसऱ्या दिवशी सातला भांड्यात उरलेलं वजा करा. बाहेरचं टाकं, बादली, पागोळीखालचं घमेलं झाकून ठेवा, नाहीतर पावसात हिशोब फसतो. घरात दोन कुत्री असतील तर त्या दिवशी वेगळी ठेवा. साधारण किलोमागे 50-60 मिलिलिटर हे रोजचं पाणी. किलोमागे 100 च्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय. पंधरा किलोची कुत्री रोज दीड लिटरच्या वर पीत असेल, तर गळती हे फक्त बाहेर दिसणारं टोक आहे. आत साखर, मूत्रपिंड किंवा हार्मोनचा आजार असू शकतो. भात-आमटी खाणारी कुत्री पाणी कमी पिते आणि कोरडं खाणारी जास्त, तेही डॉक्टरांना सांगा.

पाणी बंद करून चादर कोरडी ठेवायचा उपाय मात्र करू नका. खानापूरकडच्या एका घरी मी हे पाहिलंय, संध्याकाळी पाचनंतर भांडं उचलून ठेवायचे. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर कुत्री त्याने आजारी पडते.

एक गोष्ट इथेच. कुत्रीची पिशवी काढलेली नसेल, माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील, आणि ती खूप पाणी पिते, सुस्त आहे, खालून घाण येते, तर वही-बिही सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. एस्ट्रिऑल अशा कुत्रीला द्यायची नसते.

फाटकाबाहेरचे कुत्रे

एस्ट्रिऑलवरच्या एका कुत्रीच्या मालकीणबाई जवळजवळ रडकुंडीला आल्या होत्या. "ऑपरेशन फसलं हो. श्रावणातल्या पावसात चार-चार कुत्रे भिजत फाटकाशी बसलेत." सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली कुत्री. त्यांना एवढंच विचारलं, डोस उतरवला का? नव्हता. ही गोळी सुरुवातीला जास्त देऊन, गळती थांबली की पायरीपायरीने कमीत कमी डोसावर आणायची असते. कुत्रीचं वजन बघून नव्हे, तिच्या चादरीकडे बघून. बाई सुरुवातीचाच डोस महिनाभर देत होत्या. डॉक्टरांनी डोस उतरवला आणि दोन आठवड्यांत कुत्रे दुसऱ्या गल्लीत गेले. डोस उतरवूनही ते हटले नसते तर ऑपरेशनमध्ये अंडाशयाचा तुकडा राहिलाय का, ते डॉक्टरांना बघावं लागलं असतं.

पाचवं: हात लावून

ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढऱ्या, फिकट, किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त, हे दिसलं तर थांबायचं नाही. हार्मोनच्या काही औषधांनी, विशेषतः जुन्या जोरदार इस्ट्रोजेनांनी, हाडातल्या मगजावर परिणाम होऊन रक्त कमी होऊ शकतं. पण आपल्या भागात याच खुणा गोचीड तापातही दिसतात, आणि तो फार सरसकट आहे. डोळ्यांनी फरक कळत नाही, रक्त तपासावंच लागतं.

कुत्री गाढ झोपली असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. तीसच्या आत असावी. मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं की नाडी लागते. इथे लोक फसतात: पीपीएने रक्तदाब खूप चढला की नाडी उलट मंदही होऊ शकते. नाडी हळू आहे म्हणून "काही नाही" म्हणू नका.

मुधोळ जातीची कुत्री पाळणाऱ्यांना एक सांगतो. त्यांची कातडी पातळ आणि हाडं वर आलेली, त्यामुळे ओल्या अंथरुणावर कंबरेशी लगेच चट्टा पडतो. पावसाळ्यात पोतं वाळत नाही, माशी बसते, आणि जखमेत अळ्या पडतात. कुत्री सारखी मागे वळून चाटतेय ती औषधामुळे की चट्ट्यामुळे, हे शेपूट उचलून बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे जुन्या सुती साड्यांचा गठ्ठा असतो. दिवसात चार बदलतो.

सहावं: लघवीचा नमुना

इथून थोडा खर्च सुरू. सकाळची पहिली लघवी, धुऊन कोरड्या केलेल्या स्टीलच्या डावात पकडा. कुत्री बसली की मागून डाव सरकवायचा. पहिल्या दिवशी ती लाजते, दुसऱ्या दिवशी जमतं. स्वच्छ बाटलीत ओता आणि दोन तासांत लॅबला द्या, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. साखर, रक्त, पू आणि लघवीचा दाटपणा एवढ्यावरून बरंच उलगडतं. जंतू वाढवून बघायचे असतील तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात, डावातला चालत नाही. जंतुसंसर्ग असेल तर कुत्री थेंब थेंब करते, कुंथते, आणि गळतीची गोळी कितीही दिली तरी ओल राहते.

सातवं: रक्त आणि रक्तदाब

हे घरी होत नाही. प्लेटलेटसह रक्ताची तपासणी, मूत्रपिंडाची तपासणी आणि रक्तदाब. कुत्र्याच्या पायाला किंवा शेपटीला लहान पट्टा बांधून दाब मोजतात. लहान दवाखान्यात हे यंत्र क्वचितच असतं. बेळगाव शहरात मोठ्या दवाखान्यांत विचारा, नाहीतर कोल्हापूर किंवा धारवाडकडे जावं लागतं. वरचा आकडा 160 च्या पुढे म्हणजे जास्त, 180 च्या पुढे म्हणजे डोळे, मेंदू, मूत्रपिंडाला धोका. दवाखान्यात घाबरूनही दाब चढतो, म्हणून शांत बसवून चार-पाच वेळा मोजायला सांगा. आधीपासून हृदयाचा, मूत्रपिंडाचा, साखरेचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर पीपीए सुरू करण्याआधीच हे सांगायला हवं होतं. राहिलं असेल तर आज सांगा. आणि पुढे कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्याला पीपीएचं नाव सांगितल्याशिवाय टेबलावर चढवू देऊ नका.

इथे थांबायचं आणि गाडी काढायची

तोल जातोय, भिंतीला धडकतेय, अचानक दिसेनासं झालंय. फिट आली. कोसळली. हिरड्या पांढऱ्या पडल्या. बसून बसून कुंथते पण थेंबही येत नाही. डबी फोडून गोळ्या खाल्ल्या, मग कितीही खाल्ल्या असोत. यात पुढची गोळी देऊ नका, वाट बघू नका, मीठ पाजून ओकवायला जाऊ नका, मिठानेच जीव जाऊ शकतो. फोन करत करत निघा.

बरोबर रिकामी पट्टी किंवा डबी, गोचिडाच्या बाटलीचा फोटो, तीन दिवसांची वही आणि पाण्याचा आकडा घ्या. कन्नड नीट येत नसेल तर पाण्याचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मी अजून तसाच नेतो, आणि डॉक्टर चष्मा वर करून आधी तोच बघतात.